नाट्यनगरी आणि देवाचा मांड

एखाद्या महानगराची थोरवी कशावरून ओळखावी, असा प्रश्न कोणी केला, तर कोणी त्याच्या बंदराकडे बोट दाखवील, कोणी पेढ्यांकडे, कोणी विद्यापीठाकडे. आम्ही मात्र विचारू की, त्या नगरात एकाच रात्री किती प्रकारची नाटके होतात? ज्या नगरात एका नाट्यगृहात संगीत नाटकाची नांदी चालू आहे, दुसऱ्यात प्रहसनाने हशा उसळला आहे आणि तिसऱ्यात शंभरएक माणसे जमिनीवर बसून एखादा नवखा, अर्धाकच्चा प्रयोग श्वास रोखून पाहत आहेत, त्या नगरातील माणसांची मने बहुधा एका साच्यातली नसतात. नाट्याचे वैविध्य हे मनांच्या वैविध्याचे चिन्ह होय. पण चिन्ह आणि वस्तू या दोन गोष्टी एक नव्हेत. विविधता म्हणजेच उत्तमता, असे धरून चालावे काय? आणि ज्याला आपण उत्तम म्हणतो ते विकत आणून आपल्या दारी उभे केले, म्हणजे आपणही उत्तम झालो काय? हा प्रश्न केवळ रसिकांचा नव्हे, नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते. तो आमच्या मनात का उत्पन्न झाला, ते आधी सांगतो.

फोंडा महालातील एका देवस्थानाच्या जत्रेस आम्ही पुष्कळ वर्षे जात आहो. त्या देवळाच्या उत्सवात गावच्या मंडळींनी नाटक करावे, अशी फार जुनी वहिवाट. दोन महिने आधी देवापुढे नारळ ठेवावयाचा, गाऱ्हाणे घालावयाचे आणि मग सभामंडपाच्या कडेला कंदिलाच्या, पुढे विजेच्या उजेडात तालमी चालावयाच्या. शिक्षक, शेतकरी, बसचा वाहक, किराणा दुकानदार अशी पात्रे. गेल्या काही वर्षांत तालमीस माणसे जमेनाशी झाली. पोरे नोकरीसाठी पणजीस, वास्कोस, परदेशास गेली. तेव्हा उत्सवसमितीने ठराव केला की, आता गावचे नाटक पुरे. मुंबईची नामांकित कंपनी कंत्राटाने आणावी. तशी ती आणली. नाटक उत्तम झाले. नेपथ्य चोख, प्रकाशयोजना डोळे दिपविणारी, अभिनय सफाईदार. आम्हीही मनापासून टाळ्या वाजविल्या. नाटक सुटल्यावर मंडपाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ वहाणा शोधीत होते. एके काळी त्याच मंडपात त्यांनी कित्येक वर्षे भीम उभा केला होता. आम्ही विचारले, ‘काका, कसे वाटले?’ ते म्हणाले, ‘बरें आशिल्लें, पूण आमचें न्हय.’

हे पाच शब्द आम्हांस झोपू देईनात. ‘चांगले होते’ आणि ‘आमचे नव्हते’ या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात की नाही? चांगले ते कोणाचेही असो, चांगलेच, असे विवेक सांगतो. मग त्या वृद्धाच्या शब्दांत केवळ जुन्या माणसाचा हट्ट होता, की आम्हांला न सापडलेले एखादे सत्य होते?

ज्या नगरातून ते नाटक आले, त्याच्याकडे प्रथम पाहू. मुंबईतील रंगभूमीचा इतिहास म्हणजे वैविध्याचाच इतिहास आहे. इंग्रजांनी आपल्या करमणुकीसाठी 1776 साली तेथे नाट्यगृह बांधले. त्यात एतद्देशीयांना स्थान नव्हते. पुढे नाना शंकरशेट यांच्यासारख्या धुरीणांच्या पुढाकाराने 1846 साली ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले आणि तेथेच 1853 साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी आपली पौराणिक नाटके नेली. ज्यांचा ‘सीतास्वयंवर’ हा पहिला प्रयोग 1843 साली एका संस्थानिकाच्या आश्रयाने झाला होता, त्यांना त्या नगरात तिकीट काढणारा प्रेक्षक भेटला. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही उभी राहिली. म्हणजे मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही वाणी एकाच वस्तीत, जवळजवळ एकाच रंगमंचावर आळीपाळीने बोलू लागल्या. आमच्या कोंकणी वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचा ‘तियात्र’ हा प्रकार गोव्यात जन्मला नाही. लुकाझीन रिबेरो यांचा ‘इटालियन भुरगो’ हा त्याचा पहिला प्रयोग 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात झाला. आपल्या भूमीत जे बोलावयास अवसर नव्हता, ते बोलण्यास त्या नगराने जागा दिली.

पुढची कथा वाचकांस बहुतांशी ठाऊक आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ नाटकात एकत्र उभे राहिले, ते मुंबईतच. 1931 साली गिरगावात पहिला बोलपट झळकला आणि नाटक कंपन्यांचे तारे एकामागून एक मावळू लागले. पण त्या पडझडीतच 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून नव्या नाट्याची चाहूल दिली. 1935 साली गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि नाट्यमहोत्सवांच्या द्वारे त्याने मरगळलेल्या रंगभूमीस धीर दिला. 1943 साली जन्मलेल्या ‘इप्टा’ने नाटक कामगारांच्या चाळींपाशी नेले. परळच्या दामोदर हॉलमध्ये, 1922 पासून, गिरणगावातील कामगारांनी दिवसभर साच्यावर उभे राहून रात्री नाटके केली. आपल्या कोकणातील दशावतार आणि नमनखेळे यांनाही त्याच वस्तीत मांड मिळाला. 1960 साली ‘रंगायन’ आले, 1965 साली दादरला शिवाजी मंदिर झाले आणि 1974 पासून दादरच्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांचे पीठ मांडले. जुहूस 1978 साली पृथ्वी थिएटर उघडले. तेथे तीन बाजूंनी बसलेला प्रेक्षक नटाच्या इतका जवळ असतो की, त्याच्या पापणीची हालचालही लपत नाही. नरिमन पॉइंटला 1980 साली टाटा नाट्यगृह झाले आणि 2023 साली वांद्रे-कुर्ला संकुलात दोन हजार प्रेक्षकांचे भव्य प्रेक्षागार उघडून त्यात परदेशी संगीतिका अवतरल्या.

हे सारे वाचून कोणासही वाटेल, केवढे हे ऐश्वर्य! आम्हांसही वाटते. परंतु ऐश्वर्याची मोजदाद करताना एक चूक सहज होते. दुकानात शंभर प्रकारचे कापड असले, म्हणजे अंगावरचा सदरा चांगला शिवला गेला असे होत नाही. ज्या नगरात शंभर नाटके चालतात, तेथे त्यांतील ऐंशी एकमेकांची नक्कल असू शकतात. तोच विनोद, तोच दिवाणखाना, दूरचित्रवाणीवर गाजलेले तेच चेहरे. संख्या ही गुणाची हमी नव्हे. मग वैविध्याचा गुणाशी काहीच संबंध नाही काय?

आहे, आणि तो आमच्या मते असा आहे. उत्तम नाटक ठरवून निर्माण करता येत नाही. पुष्कळ प्रयत्न फसतात, तेव्हा त्यांतून एखादे उभे राहते. म्हणून ज्या नगरात फसण्यास जागा आहे, तेथेच उत्तमाची शक्यता आहे. छबिलदासच्या त्या सभागृहात ना खुर्च्यांची आरास होती, ना भपकेबाज नेपथ्य. त्यामुळेच तेथे नाटक पडले तरी कोणी दिवाळखोर होत नसे. आजच्या भव्य प्रेक्षागारात एका प्रयोगावर इतका पैसा लागतो की, त्यात फसण्याची सोयच उरत नाही. आणि जेथे फसण्याची सोय नाही, तेथे जे आधीच दुसरीकडे यशस्वी ठरले आहे तेच पुन्हा आणावे लागते. म्हणजे खरे वैविध्य मोठ्या नाट्यगृहांच्या संख्येत नसून लहान जागांच्या अस्तित्वात असते. नगराच्या नाट्यजीवनाचे आरोग्य पाहावयाचे, तर त्याच्या सर्वांत महागड्या तिकिटाकडे पाहू नये. त्याच्या सर्वांत स्वस्त तालीमघराकडे पाहावे. दामोदर हॉल 2023 साली पुनर्बांधणीसाठी बंद झाला, तेव्हा गिरणगावच्या मंडळींनी जो आक्रोश केला तो विटांसाठी नव्हता.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकाचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. तरुणांस शृंगार रुचतो, विद्वानांस सिद्धान्त, धनार्थ्यांस धनाची कथा, विरक्तांस मोक्षाची, वृद्धांस पुराणांची, असे मुनी सांगतात. उत्तम प्रेक्षकाची लक्षणे सांगून झाल्यावर, हे सारे गुण एकाच माणसात असणे शक्य नाही, हेही ते मोकळेपणाने मान्य करतात. भिन्न रुचीच्या जनांचे एकाच वेळी समाधान करणारी कला म्हणून कालिदासानेही नाट्याची प्रशंसा केली आहे. म्हणजे वैविध्य ही आधुनिक नगराची देणगी नव्हे. ती नाट्याच्या कल्पनेतच आहे. फरक एवढाच की, भरताच्या कल्पनेत भिन्न रुचीचे लोक एकाच मंडपात बसतात. महानगरात ते वेगवेगळ्या मंडपांत बसतात. विद्वान एका नाट्यगृहात, धनिक दुसऱ्यात, कामगार तिसऱ्यात, आणि एकाचे हसू दुसऱ्याच्या कानी पडत नाही. आमच्या देवळाच्या मंडपात मात्र सावकार आणि कूळ, शास्त्री आणि निरक्षर, सून आणि सासू एकच नाटक पाहत. एकाने डोळे पुसले तर दुसऱ्याला ते दिसे. महानगराच्या वैविध्याची ही किंमत आहे आणि ती लहान नाही.

येथवर येऊन पोहोचलो की, आपल्या मनास एक गोड गुंगी येते. आमचा मांड किती थोर, असे वाटू लागते. म्हणून आता आपल्याच घरातील कडू गोष्ट बोलणे अवश्य आहे.

त्या मंडपात सारे बसत, असे आम्ही म्हटले. पण सारे कोठे बसत? कोणी खांबाच्या आत, कोणी बाहेर, कोणी अंगणात, आणि कोणी अंगणाच्याही पलीकडे. आणि ज्या स्त्रियांच्या गळ्यावर देवाची पालखी पुढे सरके, ज्यांच्या गायनावाचून उत्सवास उत्सवपण येत नसे, त्यांना त्याच समाजाने कोणत्या नावाने हाक मारली, ते आम्ही येथे लिहू इच्छीत नाही. वाचकांस ते ठाऊक आहे. त्यांची कला देवास चाले, त्यांची पंगत आम्हांस चालत नसे. कुर्डी गावात 1904 साली जन्मलेल्या मोगूबाई बालपणीच एका नाटक मंडळीबरोबर बाहेर पडल्या आणि त्यांच्या गायनतपस्येला मान मिळाला तो मुंबईस. ते गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात उभे राहून, स्त्रीची भूमिका स्त्रीनेच प्रतिष्ठेने करावी हा पायंडा दृढ केला, तोही मुंबईस. सावंतवाडीकडे जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी ‘जयद्रथ विडंबन’ आणि ‘दामिनी’ ही नाटके लिहिली. मराठीतील पहिल्या स्त्री नाटककार म्हणून आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. त्यांच्या हयातीत हा अभिमान आपण कोठे ठेविला होता? ज्या गुणांना आपल्या मांडाने जागा नाकारली, त्यांना नगराच्या रंगमंचाने जागा दिली. त्या नगरात तिकीट काढून येणाऱ्या माणसाने कोणाचे कुळ विचारले नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याने कुळ विचारले तरी दार बंद करण्याची सत्ता त्याच्या हाती नव्हती. पैशाचा व्यवहार कोरडा असतो हे खरे, परंतु त्या कोरडेपणात काही माणसांना प्रथमच मोकळा श्वास मिळाला, हेही खरे.

दुसरीही एक गोष्ट आहे. जे शेजाऱ्यांच्या समोर बोलता येत नाही, ते नगरात बोलता येते. 1972 साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर गदारोळ उठला, परिनिरीक्षण मंडळाने प्रयोग अडविला, दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि प्रयोगाचा हक्क मिळवून परत आले. त्याच वर्षी ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात आले आणि तेही वादात सापडले. ही नाटके आमच्या सर्व वाचकांस रुचतील असे नाही. आम्हांसही त्यांतील काही प्रसंग पाहताना अवघड वाटले होते. पण अवघड वाटणे हा नाटकाविरुद्धचा पुरावा होऊ शकतो काय? नाट्यशास्त्रातील पहिल्याच प्रयोगाची कथा आठवावी. इंद्राच्या ध्वजोत्सवात देवांच्या विजयाचे नाटक झाले, ते पाहून दैत्य संतापले आणि त्यांनी नटांची वाणी आणि स्मृती गोठवून प्रयोग मोडला. म्हणजे पहिल्याच नाटकाला पहिली हरकत आली. ब्रह्मदेवाने काय केले? त्याने नाटक बंद केले नाही. नटांच्या रक्षणासाठी विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि दैत्यांस जवळ बोलावून समजाविले की, हे नाट्य केवळ देवांचे नव्हे, केवळ तुमचेही नव्हे, यात साऱ्या त्रैलोक्याचे भाव आहेत. मात्र त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात दुसरीही कथा आहे. भरतपुत्रांनी विद्येच्या मदाने ऋषींची थट्टा करणारी प्रहसने केली आणि ऋषींच्या शापास ते पात्र झाले. नटास संरक्षण आणि नटास संयम, दोन्ही गोष्टी शास्त्राने सांगितल्या. एक सोयीची म्हणून उचलावी आणि दुसरी झाकून ठेवावी, हे आपल्याला शोभणार नाही.

येथे एक लक्षणीय योगायोग सांगतो. ‘घाशीराम’मध्ये माणसांचीच रांग उभी राहून पडदा होते आणि नाचत नाचत भिंतीसारखी उघडते, मिटते. ही कल्पना कोकणातील खेळ्यांवरून स्फुरलेली आहे. ज्या नाटकास आपण नगरातील विद्रोह म्हणतो, त्याचा सांगाडा देवळाच्या अंगणातला आहे. जुन्या मांडाची शक्ती आपणांस दिसली नाही. ती नगराच्या डोळ्यांना दिसली.

आता त्या वृद्धाच्या शब्दांकडे परत येऊ. ‘आमचें न्हय’ ही तक्रार रसशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रथम आम्हांस वाटले. अभिनवगुप्तांनी रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत ‘हे माझे, हे परक्याचे’ अशा जाणिवेत अडकून पडणे हेही एक विघ्न आहे. आपल्याच सुखदुःखात बुडालेल्या माणसाला रस लाभत नाही. रंगमंचावरील शकुंतला माझी मुलगी नसते आणि परक्याचीही नसते, म्हणूनच तिच्या पाठवणीत माझे डोळे निर्मळपणे भरून येतात. या दृष्टीने मुंबईचे नाटक आमचे नव्हते, ही तक्रार अरसिकाची ठरते.

पण पुष्कळ विचार केल्यावर आमच्या ध्यानात आले की, तो वृद्ध रसाविषयी बोलतच नव्हता. रस मिळाला, हे त्याने ‘बरें आशिल्लें’ या दोन शब्दांत प्रामाणिकपणे सांगितले होते. त्याचे ‘आमचें न्हय’ हे सेवेविषयी होते. नाटकापासून माणसास दोन प्रकारची श्रेये मिळतात. एक पाहणाऱ्याचे, दुसरे करणाऱ्याचे. पाहणाऱ्याचे श्रेय रस. त्यासाठी नाटक कोणी केले याला महत्त्व नाही, ते कसे केले याला आहे. करणाऱ्याचे श्रेय निराळे. बसच्या वाहकाने दोन महिने भीष्माची भाषणे घोकावी, ती घोकताना प्रतिज्ञा म्हणजे काय असते याचा विचार त्याच्या मनास शिवावा, ज्या शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्यासमोर अर्जुन होऊन उभे राहावे, आणि हे सारे देवाच्या पायी ठेवून घरी जावे, या श्रेयाला नटाची सफाई हे माप लागू पडत नाही. नैवेद्याला आचाऱ्याच्या हाताची चव असावी, हे कोणास नको आहे? पण म्हणून कोणी आपल्या घरचा नैवेद्य उपाहारगृहातून मागवीत नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. महानगराचे वैविध्य आणि त्यातून येणारी उत्तमता ही रसाच्या बाजूची संपत्ती आहे. ती आपण अवश्य घ्यावी. संधी मिळेल तेव्हा मुंबईस जाऊन पाहावी, आपल्या गावी आणवावी, मोल देऊन आणवावी. फुकट पाहण्याची सवय ही रसिकतेची शत्रू आहे. परंतु ती सेवेच्या मोबदल्यात घेऊ नये. समितीने चांगले नाटक आणले, यात तिची चूक झाली नाही. ते आणताना गावचे नाटक बंद केले, ही चूक झाली. एक श्रेय देऊन दुसरे विकत घेता येते, असे तिने मानले. पण या दोन श्रेयांचा अदलाबदल होऊ शकत नाही.

आणि ही चूक केवळ गावाचीच हानी करील असे नाही. मास्टर दीनानाथ मंगेशीचे. जितेंद्र अभिषेकी मंगेशीचेच. मास्टर दत्ताराम याच गोमंतकाचे. देवळाच्या मंडपात ज्यांच्या कानांनी पहिले सूर आणि पहिली संभाषणे साठविली, त्यांनी पुढे नगराची रंगभूमी समृद्ध केली. मांड बंद पडले, तर काही पिढ्यांनी नगरही कोरडे पडेल, कारण नगर माणसे घडविण्यापेक्षा निवडण्यात अधिक कुशल आहे. निवडण्यासाठी आधी कोठेतरी माणसे घडावी लागतात.

ही दोन श्रेये एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण आमच्याच माणसांनी त्या महानगरात घालून दिले आहे. 1919 साली मुंबईत स्थापन झालेल्या दि गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने 1962 साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, 1964 साली ‘मत्स्यगंधा’, 1970 साली ‘नटसम्राट’ अशी नाटके रंगभूमीस दिली. ही नाटके गुणाने कोणत्याही व्यावसायिक मंडळीस मान खाली घालावयास लावणारी होती, तिकीट लावून होत होती, आणि तरीही संस्थेचा पाया समाजसेवेचा होता. मुलांनी दूर लोटलेल्या वृद्ध नटाची कथा सांगणाऱ्या ‘नटसम्राट’ची निर्मिती करणाऱ्या त्याच संस्थेने पुढे बांदिवड्यास ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धांचा निवारा उभारला. एका गोष्टीमुळे दुसरी झाली, असा दावा आम्ही करीत नाही. पण त्या निवाऱ्याच्या अंगणात उभे राहून, रंगमंचावर पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याची आठवण ज्यास होणार नाही, असा रसिक विरळाच. रस आणि सेवा एकमेकांस ओळखतात, एवढे तेथे दिसते.

बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील आमच्या वाचकांपुढेही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा असेल. तेथील गणेशोत्सवांत आणि महाराष्ट्र मंडळांतही ‘पुण्यामुंबईचे नाटक आणावे की आपल्या मुलांचे बसवावे’ हा वाद दरसाल निघतच असणार. त्यांना आम्ही इतकेच सुचवू की, हा वाद ‘हे की ते’ असा मांडू नये. तो तसा मांडला की गावचे नाटक हरणारच, कारण सफाईच्या कसोटीवर ते जिंकणे शक्य नाही आणि त्याची ती कसोटीही नव्हे.

मात्र गावच्या नाटकानेही सेवेच्या नावाखाली आळस लपवू नये. देव भावाचा भुकेला आहे, हे म्हणणे ज्याने पाठांतर केले नाही त्याच्या सोयीसाठी नाही. नगराकडून घेण्याजोग्या तीन गोष्टी आम्हांस दिसतात. वेळेवर पडदा उघडणे, लेखकाच्या शब्दाचा मान राखणे, आणि ज्याच्यात गुण आहे त्यास, तो कोणत्याही वाड्यावरचा असो, मुलगा असो की मुलगी, भूमिका देणे. ही तिसरी गोष्ट जोपर्यंत आपला मांड पूर्णपणे करीत नाही, तोपर्यंत ‘आमचें’ या शब्दाचा अर्थ अपुराच राहणार. कारण ‘आमचे’ म्हणताना त्यात कोण कोण येतात, हे प्रत्येक पिढीने पुन्हा विचारावयाचे असते.

आम्ही हे विचार त्या उत्सवसमितीच्या काही महाजनांपुढे मांडले. वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, ‘तालमीला माणसे कोठून आणावी?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. अखेर असे ठरले की, जत्रेच्या मुख्य रात्री पूर्वीप्रमाणे कंपनीचे नाटक व्हावे, आणि आदल्या रात्री गावच्या मंडळींनी, जितके जमतील तितक्यांनी, एक अंक तरी करावा. पात्रे कमी पडली, म्हणून पलीकडच्या वाड्यावरील दोन मुलींना विचारण्यात आले. त्या वाड्यावरून आजवर कोणी त्या मंडपात तोंडास रंग लावून उभे राहिले नव्हते. वृद्ध काकांनी भीम करण्यास वयपरत्वे नकार दिला, परंतु शिकविण्यास होकार दिला. तालमी नारळ ठेवून सुरू झाल्या आहेत. पहिल्या दिवशी सात माणसे आली होती, असे कळते.